पॉल मॅकार्टनी ‘मेला’ तेव्हा: बीटल्सच्या चाहत्यांचे जुने विनोद समजून घेताना

बीटल्स या जुन्या इंग्लिश बँडमधल्या पॉल मॅकार्टनीचा नवा फोटो कुठेही झळकला की खाली ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. मेलेला माणूस या वयातही किती तरतरीत दिसतो म्हणून कोणी कौतुक करतं, कोणी त्याला ‘बिली’ म्हणून हाक मारतं, तर कोणी नुसतं अनवाणी पावलाचं चित्र टाकून मोकळं होतं. शेकडो लोक त्यावर हसतात. बीटल्सची चार-पाच गाणी आवडीने ऐकणारा साधा श्रोता मात्र गोंधळतो. माणूस तर चांगला जिवंत आहे, मग हसताहेत कशाला?

हा गोंधळ पुढच्या काही वर्षांत वाढणार आहे. बीटल्समधल्या चौघांवर चार स्वतंत्र चित्रपट येणार असं जाहीर झालंय, तारीख एप्रिल २०२८ ची दिली आहे. त्या निमित्ताने जुने विनोद पुन्हा बाहेर निघतील. त्यातले महत्त्वाचे कोणते, ते आले कुठून आणि इतकी वर्षं टिकले कसे, ते एकदा नीट पाहून घेऊ.

## किमान माहिती, म्हणजे पुढचं कळेल

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे चौघे: जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ड्रम वाजवणारा रिंगो स्टार. १९६२ साली त्यांची पहिली तबकडी आली आणि एप्रिल १९७० मध्ये बँड फुटल्याचं जगाला कळलं. म्हणजे जेमतेम आठ वर्षांचा कारभार. लेनन ८ डिसेंबर १९८० ला मारला गेला, हॅरिसन २००१ मध्ये कर्करोगाने गेला. पॉल आणि रिंगो ऐंशी ओलांडूनही कार्यक्रम करत राहिले.

दोन शब्द लागतील. एकाच गटात वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येणारा विनोद म्हणजे रनिंग जोक. आणि ज्याचा साचा तोच राहतो पण मजकूर बदलत जातो, तो विनोद म्हणजे मीम. पॉल मेला हा रनिंग जोक. झेब्रा क्रॉसिंगवरून एका रांगेत चाललेल्या चौघांचं चित्र हे मीम, त्यात चार मांजरं घाला नाहीतर चार मंत्री.

चाहत्यांचा विनोद टिकतो तो तपासून पाहता येईल अशा एखाद्या नेमक्या तपशिलावर. निष्कर्ष कितीही वेडगळ असला तरी चालतो, तपशील मात्र डोळ्यांना दिसला पाहिजे किंवा कानांना ऐकू आला पाहिजे. नुसतंच ‘पॉल मेला’ म्हटलं असतं तर आठवड्यात सगळे विसरले असते. पण त्यासोबत गाडीचा नंबर आला आणि लोक घरातली तबकडी काढून भिंग लावून बसले.

## मुळात झालं काय?

डिसेंबर १९६५ मध्ये पॉल लिव्हरपूलमध्ये मोपेडवरून पडला. ओठ फाटला, पुढच्या दाताचा टवका उडाला. १९६६ साली चित्रित केलेल्या ‘रेन’ आणि ‘पेपरबॅक रायटर’ या गाण्यांच्या फिल्ममध्ये तो तुटका दात दिसतो. पुढे जानेवारी १९६७ मध्ये लंडनला अफवा उठली की पॉल एम-वन महामार्गावर अपघातात गेला. बीटल्सच्या अधिकृत मासिकाने फेब्रुवारीच्या अंकात तिचं खंडन केलं आणि विषय तिथे संपला.

खरी आग लागली अडीच वर्षांनी, आणि तीही अमेरिकेत. सप्टेंबर १९६९ मध्ये आयोवा राज्यातल्या ड्रेक विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रात पॉल मेल्याच्या ‘खुणां’वर एक लेख आला. १२ ऑक्टोबरला डेट्रॉइटच्या डब्ल्यूकेएनआर-एफएम या रेडिओ केंद्रावर रस गिब नावाच्या निवेदकाला एका श्रोत्याचा फोन आला: अमुक गाणं उलटं वाजवून बघा. गिबने ते थेट प्रसारणात वाजवलं आणि पाठोपाठ फोनची रीघ लागली.

दोन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मिशिगन विद्यापीठाच्या ‘मिशिगन डेली’त फ्रेड लाबोर या विद्यार्थ्याचा लेख छापून आला. त्याच्याकडे काम होतं बीटल्सच्या ताज्या ‘ॲबी रोड’ अल्बमचं परीक्षण लिहिण्याचं. त्याने परीक्षणाऐवजी मृत्यूची अख्खी कथाच रचली: नोव्हेंबर १९६६ मध्ये पॉल गाडीच्या अपघातात गेला आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या विल्यम कॅम्बेल नावाच्या माणसाला त्याच्या जागी बसवलं. हे नाव लाबोरने स्वतःच्या मनाने दिलं होतं. बीटल्सच्या ‘आय ॲम द वॉलरस’ या गाण्यातल्या वॉलरस या प्राण्याच्या नावाचा ग्रीकमध्ये अर्थ ‘प्रेत’ होतो, हेही त्याने ठोकून दिलं. तसं काहीही नाही.

कथेला पुढे बऱ्याच फांद्या फुटल्या. ‘सार्जंट पेपर’ अल्बममधल्या बिली शिअर्स या काल्पनिक गायकाचं नाव तोतयाला चिकटलं. म्हणून प्रतिक्रियांमध्ये ती ‘बिली’ हाक असते. तोतया पॉल या अर्थाने ‘फॉल’ असंही लिहितात.

१९६९ च्या अखेरीस एका अमेरिकी टीव्ही कंपनीने यावर लुटुपुटूचा खटला भरवला. उलटतपासणी घ्यायला एफ. ली बेली हा खराखुरा नामांकित वकील होता आणि साक्षीदारांत लाबोर. आपण सगळं बनवलंय, हे त्याने बेलीला आधीच सांगून टाकलं. तासाभराचा कार्यक्रम भरायचाय तेव्हा आता निभावून ने, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. अफवा पुढे कशा सरकतात याचा इतका प्रांजळ नमुना शोधून सापडणार नाही. हा लाबोर पुढे स्वतःच संगीतकार झाला आणि एका विनोदी काउबॉय बँडमध्ये बास वाजवू लागला.

## ॲबी रोडचं मुखपृष्ठ: खुणा आणि खुलासे

बहुतेक मीम या एका फोटोतून निघतात, तेव्हा इथे जरा थांबू. ८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी साडेअकराच्या सुमारास छायाचित्रकार इयन मॅकमिलन लंडनमध्ये, बीटल्सच्या रेकॉर्डिंग स्टुडिओजवळच्या ॲबी रोड या रस्त्याच्या मधोमध शिडीवर चढला. पोलिसाने वाहनं थोपवून धरली आणि चौघे झेब्रा क्रॉसिंगवरून चालले. सगळे मिळून सहा फोटो निघाले, त्यातला पाचवा निवडला गेला. इतकंच.

चाहत्यांच्या लेखी मात्र ती अंत्ययात्रा आहे. पुढे पांढऱ्या कपड्यातला जॉन म्हणजे धर्मगुरू, मागे काळ्या सुटातला रिंगो म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा, शेवटी डेनिममधला जॉर्ज म्हणजे खड्डा खणणारा. तिसरा पॉल अनवाणी आहे आणि त्याचं पाऊल इतरांशी जुळत नाही. तिघांचा डावा पाय पुढे, याचा उजवा. शिवाय हा डावखुरा असूनही सिगारेट उजव्या हातात.

यातलं एकही निरीक्षण खोटं नाही, आणि गंमत तिथेच आहे. अनवाणी का? त्या दिवशी पॉल चपला घालूनच आला होता, सहापैकी सुरुवातीच्या फोटोंत त्या पायात दिसतात. मग काढून टाकल्या. पाचव्याऐवजी पहिला फोटो निवडला असता तर निम्मी कथा उभीच राहिली नसती.

आता तो प्रसिद्ध गाडीनंबर. डावीकडे पांढरी फोक्सवॅगन बीटल उभी आहे. नंबर एलएमडब्ल्यू २८१एफ. इंग्रजीत एकचा आकडा आणि आय हे अक्षर सारखंच दिसतं, त्यामुळे चाहत्यांनी ‘२८ इफ’ असं वाचलं: जगला असता तर २८ वर्षांचा असता. प्रत्यक्षात त्या काळच्या ब्रिटिश नंबरप्लेटवर शेवटचं अक्षर नोंदणीचं वर्ष सांगायचं. एफ म्हणजे ऑगस्ट १९६७ ते जुलै १९६८. गाडी जवळपास राहणाऱ्या कोणाची तरी होती, फोटोत उगाच आली.

वयाचा हिशोबही चुकलेला आहे. पॉलचा जन्म १८ जून १९४२ चा, अल्बम आला २६ सप्टेंबर १९६९ ला. म्हणजे २७ पूर्ण. आपल्याकडच्या आजीने मात्र ‘अठ्ठाविसावं चालू’ म्हणून ही खूण बिनतक्रार मान्य केली असती. एलएमडब्ल्यू या अक्षरांचा अर्थ लावणारे तर त्याहून पुढचे: ‘लिंडा मॅकार्टनी वीप्स’, म्हणजे पॉलची बायको लिंडा रडते आहे. पॉल आणि लिंडाची पहिली भेट मे १९६७ मध्ये झाली. कथेप्रमाणे पॉल त्याआधी सहा महिने गेलेला. ज्याला ती भेटलीच नाही त्याच्यासाठी ती का रडेल, हे कोणी विचारलं नाही.

त्या गाडीच्या मालकाचे हाल झाले ते खरे. नंबरप्लेट पुन्हा पुन्हा चोरीला जाऊ लागली. गाडी शेवटी जर्मनीत फोक्सवॅगनच्या संग्रहालयात पोचली.

## गाणं उलटं वाजवलं की खरंच काही ऐकू येतं?

येतं. पण कधी येतं ते घरी करून पाहण्यासारखं आहे.

डेट्रॉइटच्या त्या फोनमध्ये उल्लेख होता १९६८ च्या पांढऱ्या मुखपृष्ठाच्या अल्बममधल्या ‘रेव्होल्यूशन ९’ चा. आठ मिनिटं बावीस सेकंदांचा हा आवाजांचा गोधडा आहे, त्याला चाल नाही. त्यात एक माणूस कंटाळवाण्या सुरात ‘नंबर नाइन’ असं म्हणत राहतो. ते उलटं वाजवलं की ‘टर्न मी ऑन, डेड मॅन’ ऐकू येतं, असा दावा.

प्रयोग असा करा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. गाण्याची फाइल सीडीवरून किंवा विकत घेतलेली हवी, कारण स्ट्रीमिंग ॲपमधून अशी फाइल हाती लागत नाही. पहिल्याच मिनिटात ‘नंबर नाइन’ येतं, त्यातला एकच उच्चार, साधारण दोन सेकंदांचा, निवडा. तो आवाज डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे सरकत राहतो, म्हणून दोन्ही बाजू एकत्र करून ट्रॅक मोनो करून घ्या, नाहीतर अर्धा शब्द गायब होतो. मग इफेक्ट मेनूतलं रिव्हर्स दाबा.

आता हे दोन वेगवेगळ्या माणसांना ऐकवा. पहिल्याला काहीही न सांगता ऐकवा आणि काय ऐकू आलं ते कागदावर लिहायला सांगा. दुसऱ्याला आधी ते इंग्रजी वाक्य सांगा आणि मग ऐकवा. दुसरा लगेच मान डोलावेल. पहिल्याच्या कागदावर बहुधा निरर्थक अक्षरं असतील. त्यालाही नंतर वाक्य सांगून पुन्हा ऐकवा. मग त्याला दुसरं काही ऐकूच येणार नाही.

असं का होतं? एक तर ध्वनींची मदत आहे. ‘नाइन’ उलटं केलं की साधारण ‘निआन’ होतं, ते ‘मी ऑन’च्या जवळ जातं. ‘नंबर’चं ‘रबमन’सारखं काहीतरी होतं, ते ‘डेड मॅन’च्या वळणाचं. बाकीचं काम मेंदू करतो. अस्पष्ट आवाजात ओळखीचं काही शोधण्याच्या या सवयीला पॅरेडोलिया म्हणतात. खंडाळ्याच्या घाटाचं बालगीत ज्याला पाठ आहे त्याला आगगाडीची चाकं तेच म्हणताना ऐकू येतात, शेजारच्या सीटवरच्या तमिळ प्रवाशाला येत नाहीत.

१९६९ साली हे करणं जिकिरीचं होतं. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी लोक मोटर बंद करून बोटाने उलटी फिरवायचे. वेग एकसारखा राहत नाही, म्हणून आवाज हेलकावे खातो, आणि त्या हेलकाव्यांत हवं ते ऐकायला आणखी वाव मिळतो. वर सुई आणि तबकडीची खाच दोन्ही खराब होतात. घरात जुनी तबकडी असेल तर हा मार्ग टाळा.

## पण बीटल्स स्वतःच असे उद्योग करायचे ना?

ही शंका अगदी रास्त आहे, आणि उत्तर हो असंच आहे. म्हणूनच चाहत्यांना सरसकट वेडे म्हणता येत नाही.

१९६६ च्या ‘रेन’ गाण्याच्या शेवटी जॉनचा आवाज मुद्दाम उलटा लावला आहे. या तंत्राला बॅकमास्किंग म्हणतात. ज्यांनी एकदा खरोखर उलटा आवाज घातला, त्यांच्या इतर गाण्यांतही तो शोधावासा वाटणं साहजिक होतं. जॉनला त्याच्या शब्दांचे खोल अर्थ काढणाऱ्यांची भारी गंमत वाटायची. ‘ग्लास अनियन’ हे गाणं त्याने अशांना चकवण्यासाठीच लिहिलं आणि त्यात वॉलरस म्हणजे पॉल असं सांगून टाकलं. चाहत्यांनी तेही पुरावा म्हणून जमा केलं!

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या शेवटी जॉन काहीतरी पुटपुटतो. लोकांनी ऐकलं, ‘मी पॉलला पुरलं.’ जॉनने १९८० च्या एका मुलाखतीत सांगितलं की ते शब्द ‘क्रॅनबेरी सॉस’ आहेत. टर्की पक्ष्याच्या मांसासोबत खातात ते आंबटगोड तोंडीलावणं. १९९६ च्या ‘अँथॉलॉजी २’ अल्बममध्ये याच गाण्याचा सातवा टेक, म्हणजे सातव्या प्रयत्नाचं रेकॉर्डिंग आहे, त्यात ते स्वच्छ ऐकू येतं. वाद घालण्यापेक्षा तो टेक लावावा.

१९९५ साली उरलेल्या तिघांनी जॉनच्या जुन्या कॅसेटवरून ‘फ्री ॲज अ बर्ड’ पूर्ण केलं. त्याच्या अगदी शेवटी जॉनचं एक वाक्य उलटं लावलं आहे, तेही निव्वळ चाहत्यांना कामाला लावण्यासाठी. पॉलने तर १९९३ मध्ये ‘पॉल इज लाइव्ह’ नावाचा थेट कार्यक्रमांचा अल्बम काढला. मुखपृष्ठावर तेच क्रॉसिंग, तीच पांढरी बीटल, हातात कुत्र्याची दोरी आणि गाडीच्या नंबरात ‘५१ इज’. त्या वर्षी तो ५१ वर्षांचा होता. विनोदाचा विषयच विनोदात सामील झाला, तेव्हा हा विनोद मरायचं कारण उरलं नाही.

## यातून खोट्या बातम्या पसरत नाहीत का?

काही प्रमाणात पसरतात, नाकारण्यात अर्थ नाही. २००९ साली इटलीतल्या ‘वायर्ड’ मासिकाने दोन न्यायवैद्यक तज्ज्ञांकडून जुन्या-नव्या फोटोंतल्या कवटीच्या मापांची तुलना छापली आणि मनापासून मानणाऱ्यांना नवं खाद्य मिळालं. वेगवेगळ्या लेन्सने, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या फोटोंवरून मिलिमीटरांचे निष्कर्ष काढणं किती भरवशाचं, हे फोटो काढणारा कोणीही सांगेल.

विनोद करणारा आणि खरंच मानणारा यांतला फरक ओळखता येतो. विनोद करणारा खूण मुद्दाम आणखी फालतू करत नेतो: पॉलने आज निळा शर्ट घातला, निळं म्हणजे आकाश, आकाश म्हणजे स्वर्ग. मानणारा चिडतो आणि पुरावा मागितला की व्हिडिओची लिंक पाठवतो. पहिल्याला हसून सोडावं, दुसऱ्याच्या नादी लागू नये.

तोटा झाला तो वेगळ्याच ठिकाणी. ऑक्टोबर १९६९ मध्ये ‘लाइफ’ मासिकाचे बातमीदार स्कॉटलंडमधल्या पॉलच्या शेतावर पोचले. ७ नोव्हेंबरच्या अंकात कुटुंबासह फोटो आणि मुलाखत छापून आली, पॉल जिवंत आहे हे सिद्ध झालं. त्याच मुलाखतीत त्याने बीटल्स हे प्रकरण आता संपलंय असंही सांगितलं होतं. तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. २० सप्टेंबरलाच जॉनने बँड सोडत असल्याचं आतल्या गोटात सांगितलं होतं, ते करारांच्या वाटाघाटींमुळे दाबून ठेवलेलं. साठच्या दशकातली संगीतातली सगळ्यात मोठी बातमी छापील पानावर पडून होती आणि वाचणारे ते पान उजेडासमोर धरून पॉलच्या फोटोमागची गाडीची जाहिरात न्याहाळत होते. जगाला बँड फुटल्याचं कळायला १० एप्रिल १९७० उजाडलं.

## रिंगो आणि जॉनने कधीच न म्हटलेलं वाक्य

रिंगो जगातला सर्वोत्तम ड्रमर आहे का, असं विचारल्यावर जॉन म्हणाला की तो तर बीटल्समधलाही सर्वोत्तम नाही. हा किस्सा ऐकला नसेल असा रॉकचा श्रोता विरळा. जॉनने हे म्हटल्याची कुठलीही नोंद नाही. बीटल्सचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क लुइसनने माग काढला तेव्हा हा विनोद ब्रिटिश कॉमेडियन जॅस्पर कॅरटच्या १९८३ च्या टीव्ही कार्यक्रमात सापडला. पुढे त्याहून आधीचा पुरावाही मिळाला, १९८१ च्या बीबीसीवरच्या एका विनोदी रेडिओ मालिकेत. दोन्ही जॉनच्या मृत्यूनंतरचे.

तरी तो चिकटला, कारण त्यातही एक खरा तपशील आहे. २२ ऑगस्ट १९६८ ला रिंगो वैतागून बँड सोडून गेला. तो नसताना ‘बॅक इन द यूएसएसआर’चे ड्रम मुख्यतः पॉलने वाजवले आणि ‘डिअर प्रुडन्स’चेही त्यानेच. रिंगो परतला तेव्हा त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवलेला होता. मधल्या सुटीत सार्डिनियाजवळच्या बोटीवर त्याला ‘ऑक्टोपसेस गार्डन’ सुचलं.

रिंगो वाईट वाजवतो हे म्हणणं मात्र कानांना पटत नाही. तो डावखुरा, पण सेट उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी मांडलेला. त्यामुळे ड्रमवरून ड्रमवर जाताना त्याचे हात अनपेक्षित क्रमाने पडतात. ‘कम टुगेदर’ची सुरुवात किंवा ‘रेन’ ऐका. जाणकार चाहते हा विनोद करतात तो हे माहीत असताना करतात. नवखा माणूस खरं समजून करतो आणि लगेच पकडला जातो.

रिंगोवरचे इतर विनोद जास्त प्रेमळ आहेत. फेब्रुवारी १९६८ मध्ये चौघे महर्षी महेश योगींच्या ऋषिकेशच्या आश्रमात गेले. लहानपणच्या आजारपणांमुळे रिंगोचं पोट नाजूक, म्हणून त्याने इंग्लंडहून बेक्ड बीन्सच्या डब्यांची पेटी भरून आणली. दहा-बारा दिवसांत तो परतलाही. २००८ मध्ये त्याने एका व्हिडिओत चेहरा कठोर करून बजावलं की २० ऑक्टोबरनंतर आलेली चाहत्यांची पत्रं कचऱ्यात जातील, आणि हे सांगताना ‘पीस अँड लव्ह’चा जप चालूच. शांती आणि प्रेमाच्या नावाने दिलेली ती तंबी आजही मीम म्हणून फिरते.

## योको आणि ॲम्प्लिफायर

‘योकोने बँड फोडला’, म्हणजे जॉनची जपानी बायको योको ओनो हिच्यामुळे चौघे वेगळे झाले, हा सगळ्यात आंबट विनोद. परक्या देशाच्या, त्यातून स्वतःचं डोकं असलेल्या बाईवर खापर फोडणं सोपं होतं, म्हणून तो चालला. व्यवस्थापक ब्रायन एपस्टीनचा ऑगस्ट १९६७ मधला मृत्यू, त्याच्या जागी कोण यावरून झालेली भांडणं, पैशाचे व्यवहार, ही कारणं विनोदात मावत नाहीत.

२०२१ मध्ये पीटर जॅक्सनचा जवळपास आठ तासांचा ‘गेट बॅक’ माहितीपट आला आणि विनोदाची दिशा फिरली. जानेवारी १९६९ च्या त्या चित्रणात चौघे गाण्यांवर झगडताहेत आणि योको शेजारी बसून वर्तमानपत्र वाचते आहे, कधी टपाल पाहते आहे. तिचा तो निर्विकार चेहरा आता ऑफिसच्या लांबलेल्या मीटिंगवरचं मीम झालाय. त्याच चित्रणात पॉल स्वतः म्हणतो की पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, योको ॲम्प्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले. पन्नास वर्षांनी लोकांनी ते पडद्यावर पाहिलं. हा विनोद आज करायचा असेल तर योकोवर न करता पॉलच्या या भविष्यवाणीवर करतात.

याच माहितीपटातून एक लहान मीम निघालं. पॉल गिटार खडखडवत ‘गेट बॅक’ची चाल शोधतोय, समोर जॉर्ज चक्क जांभई देतोय. मिनिटा-दोन मिनिटांत गाणं आकार घेतं. जांभईच्या चित्राखाली काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

## जो विनोद आपल्याला आधीच कळतो

एका ठिकाणी आपल्याकडचे श्रोते पुढे आहेत. १ ऑगस्ट १९७१ ला जॉर्जने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. सुरुवातीला पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्यांनी वाद्यं सुरात लावून घेतली आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. वाद्यं लावणंच इतकं आवडलं तर वादन याहून जास्त आवडेल अशी आशा आहे, असं पंडितजी शांतपणे म्हणाले. तबकडीवर हे सगळं जसंच्या तसं आहे. कुठलीही गोष्ट सुरू होण्याआधीच कोणी वाहवा करू लागलं की चाहते या प्रसंगाची आठवण काढतात.

## स्वतः सामील व्हायचं तर

झेब्रा क्रॉसिंगचा फोटो काढताना सगळ्यात जास्त चुका क्रमाच्या होतात. पुढून जॉन, रिंगो, पॉल, जॉर्ज. चालायचं फोटोत डावीकडून उजवीकडे, कारण चौघे स्टुडिओपासून दूर चालले आहेत. पॉल झालेल्याने अनवाणी राहून उजवा पाय पुढे टाकायचा, उरलेल्यांनी डावा. फोटो जमिनीवरून काढला तर चौघे एकमेकांना झाकतात. मूळ फोटो शिडीवरून घेतलेला आहे, म्हणून पट्टे सगळे दिसतात. घराजवळच्या कमी वर्दळीच्या रस्त्यावर पहाटे एक स्टूल पुरतं.

लंडनमध्ये नातेवाईक असतील आणि खऱ्या जागी जायचं असेल तर तिथला रस्ता वाहता आहे, मॅकमिलनला मिळाला तसा पोलीस मिळणार नाही. २०१० पासून ते क्रॉसिंग संरक्षित वारसा म्हणून नोंदलेलं आहे, पण गाड्यांना त्याचं काही नसतं. ज्युबिली लाइनवर सेंट जॉन्स वुड स्थानकाला उतरा, तिथून पाच मिनिटांची चाल. नकाशात ‘ॲबी रोड’ नावाचं स्थानक दिसेल, तिकडे जाऊ नका. ते पूर्व लंडनमध्ये वेस्ट हॅमजवळ आहे, २०११ मध्ये सुरू झालेलं, आणि त्याचा बीटल्सशी काहीही संबंध नाही. इतके चाहते तिथे चुकून उतरतात की रेल्वेवाल्यांनी फलाटावर पाटीच लावली: तुम्ही चुकीच्या जागी आलात, योग्य जागी असं जा. तीही बीटल्सच्या गाण्यांची नावं गुंफून.